नळीत शिसं, नेम भलतीकडे: एका .४५ कोल्ट शिकारी रिव्हॉल्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं आहे. तिथल्या रानात एल्क असतात. आपल्या सांबराच्याच कुळातला हा प्राणी, पण पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. बहुतेक लोक त्याची शिकार रायफलने करतात. काही जण मात्र मुद्दाम रिव्हॉल्व्हर घेऊन निघतात, कारण मग पन्नास यार्डांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत पोचल्याशिवाय बार काढायचा विचारही करता येत नाही. या प्रकरणातले गृहस्थ त्या पंथातले. वय पन्नाशीचं, लाकडाच्या गिरणीत यंत्रदुरुस्तीचं काम, घरी काडतुसं भरण्याचा बऱ्याच वर्षांचा सराव. ओळख पटू नये म्हणून त्यांचं नाव-गाव गाळलं आहे. रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कारखान्याचं नावही दिलेलं नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि काडतुसं भरणं हाही परवान्याचा विषय आहे, त्यामुळे इथे करून पाहण्यासारखं यात काही नाही. पण रेंजवर वावरणाऱ्या मराठी वाचकाला मूळ प्रश्न ओळखीचा वाटेल. .२२ रायफलवाले एकाच कंपनीच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो जमेल त्याचाच साठा करतात. इथेही तेच, फक्त गोळी स्वतः ओतायची असल्यामुळे बदलण्यासारख्या गोष्टी जास्त आणि भरकटायला वाटाही जास्त.

शस्त्र होतं .४५ कोल्टचं, सहा घरांचं, जाड सिलिंडर आणि भक्कम चौकटीचं सिंगल ॲक्शन, म्हणजे दर बाराआधी घोडा हाताने ओढावा लागणारं. काडतूस १८७३ चं. मूळचा भरणा काळ्या दारूचा, ४० ग्रेन, आणि वर २५५ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे साडेसोळा ग्रॅम. जुन्या नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये या काडतुसाच्या घरांच्या भिंती पातळ असतात. आयडाहोतच सॅमन गावी राहिलेले, बंदुकांवर लिहिणारे एल्मर कीथ यांनी १९२०च्या दशकात रायफलची जड गोळी अशा रिव्हॉल्व्हरमधून मारायचा प्रयत्न केला आणि सिलिंडर फुटला. त्यानंतर ते .४४ कडे वळले आणि त्या वाटेवरच १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं. .४५ कोल्ट जड शिकारीत परत आलं ते पुढे, भक्कम चौकटीची रिव्हॉल्व्हरं मिळू लागल्यावर. वायोमिंगचे बंदूक-कारागीर जॉन लाइनबॉ यांनी १९८०च्या दशकात हे लोकांच्या गळी उतरवलं. आज दारूच्या पुस्तिकांमध्ये या काडतुसाचे दोन वेगळे विभाग असतात. एक सगळ्या बंदुकांसाठी, ज्यात दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड. दुसरा फक्त भक्कम चौकटीसाठी, ज्यातला दाब त्याच्या जवळपास दुप्पट.

आजच्या दारूच्या भरण्याचे आकडे या लेखात कुठेही नाहीत. ते त्या दारूच्या छापील पुस्तिकेतून, आपल्या बंदुकीच्या विभागातून घ्यायचे असतात. दुसऱ्याच्या प्रकरणातून उचलायचे नसतात.

अडचण

गृहस्थांना हवी होती ३२५ ग्रेनच्या, म्हणजे २१ ग्रॅमच्या, रुंद सपाट तोंडाच्या ओतीव गोळीची काडतुसं. अशी गोळी आत गेल्यावर फुलत नाही. ती सरळ रेषेत खोल जाते, हाड लागलं तरी फारशी वळत नाही, आणि तिचं सपाट तोंड जखम पुरेशी रुंद करतं. एल्कसारख्या जनावराला रिव्हॉल्व्हरने मारायचं तर हा जुना, पारखलेला मार्ग आहे.

त्यांनी बाजारातून कडक ओतीव गोळ्या आणल्या, .४५२ इंच व्यासाच्या. दारू निवडली मंद जळणारी बॉल पावडर, जी एच-११० आणि डब्ल्यू-२९६ अशा दोन नावांनी विकली जाते. जड गोळीला वेग द्यायला ती नावाजलेली आहे. वेग मिळालाही, सेकंदाला १,२०० फुटांच्या आसपास. नेम मात्र मिळाला नाही. पन्नास यार्डांवर बेंचवरून काढलेल्या बारांचा गट सात-आठ इंच पसरायचा. काही भोकं गोल नव्हती, लांबट होती. म्हणजे गोळी डुलत जात होती. आणि दोन डबे संपेपर्यंत नळीच्या सुरुवातीला, फोर्सिंग कोन म्हणतात त्या तोंडाच्या पुढे, शिशाची साय धरलेली असायची.

पहिला संशय दारूवर गेला. दारू बदलली, दारू पेटवणारे मॅग्नम प्रायमर काढून साधे लावले, काडतुसाच्या तोंडाचा क्रिंप, म्हणजे गोळीवरची आवळ, कमी-जास्त केला. गट कधी सहा इंच, कधी नऊ. दुसरा संशय स्वतःवर. एवढा धक्का देणारं हत्यार हातात असलं की चाप ओढताना माणूस नकळत दचकतो, आणि ते मान्य करण्याइतके गृहस्थ प्रामाणिक होते.

इथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लावला गेला नव्हता. २५० ग्रेनच्या तांब्याचं कवच असलेल्या कारखानी गोळ्या याच रिव्हॉल्व्हरमधून, याच हातांनी, तीन इंचांत बसत होत्या. दोष माणसात असता तर तिथेही दिसला असता. धक्का थोडा कमी होता हे खरं, पण तीन आणि आठ इंचांतला फरक त्याने भरून निघत नाही. कवचवाली गोळी थोडी दाबली गेली तरी नळी तिला सांभाळून घेते. नुसत्या शिशाला ती सवलत नाही. हा पुरावा पहिल्या आठवड्यापासून टेबलावर होता.

मोजमाप

वळण आलं ते क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदामुळे. त्यांनी दारूविषयी काहीच विचारलं नाही. एक गोळी मागितली, सिलिंडर काढून हातात घेतला आणि पुढच्या बाजूने गोळी एकेका घराच्या तोंडात दाबून पाहिली. पाच घरांत ती शिरलीच नाही. सहाव्यात बोटाने जोर दिल्यावर थोडी शिरून अडकली.

ज्यांना आतली रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिलिंडरच्या प्रत्येक घराचा मागचा भाग पुंगळीच्या मापाचा असतो, पुढचा भाग गोळीच्या मापाचा. या पुढच्या भागाला थ्रोट म्हणतात. गोळी पुंगळीतून सुटली की आधी थ्रोटमधून जाते, मग छोटी फट ओलांडून नळीच्या तोंडाशी, म्हणजे फोर्सिंग कोनमध्ये येते, आणि मग नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या वळसेदार खाचा, तिला पकडतात. थ्रोट नळीपेक्षा केसभर मोठा हवा. तो लहान असेल तर .४५२ ची गोळी त्याच्यातून जाताना चेपली जाते आणि नळीत शिरते तेव्हा नळीहूनच बारीक झालेली असते. मागचा तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, जाताना शिसं वितळवतो आणि ते नळीला थापतो. ज्या गोळीला आट्यांनी नीट धरलेलं नाही ती डुलते. लांबट भोकं त्याचीच.

गिरणीतून पिन गेज, म्हणजे ठराविक मापाच्या पोलादी दांड्या, आणून मोजल्यावर पाच थ्रोट .४४९ ते .४४९५ इंच निघाले, सहावा .४५१. मग नळी मोजली. तेल लावलेला मऊ शिशाचा गोळा हलक्या हाताने ठोकत आरपार काढला आणि मायक्रोमीटरखाली धरला. आट्यांच्या खोलीपाशी नळी .४५१. म्हणजे गोळी नळीपेक्षा एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मोठी घेतली होती, पण पाच घरं तिला नळीपेक्षा दीड-दोन थाउ लहान करून पाठवत होती. हे माप या प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बऱ्याच जणांना सापडलं आहे.

गोळा ठोकताना आणखी एक गोष्ट हाताला कळली. नळी जिथे चौकटीत पेचाने कसलेली असते, त्या पहिल्या इंचभरात गोळा जड जायचा आणि मग सैल व्हायचा. नळी फार घट्ट कसली गेली की तिथे ती आतून आवळली जाते. हा आवळपणा अर्ध्या थाउच्या आतला होता.

इथे गृहस्थांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात शहाणपणाचं वाटतं. मोजमाप हाती आल्यावर सिलिंडर थेट कारागिराकडे न धाडता त्यांनी घरांना क्रमांक दिले आणि प्रत्येक घरातून वेगळा गट मारला. एकच घर भरायचं, बार काढायचा, परत तेच घर भरायचं. कंटाळवाणं काम. पाच घरांचे गट आधीसारखेच पसरलेले. .४५१ वाल्या घराचा गट साडेतीन इंचांत. त्याच दारूने, त्याच गोळीने, त्याच माणसाने. नुसत्या मापावरून जे अनुमान होतं ते आता कागदावर आलं. शिवाय सहा घरांचे सहा वेगळे गट एकावर एक ठेवले तर आधीचा सात-आठ इंचांचा पसारा कुठून येत होता तेही दिसत होतं.

कोणते पर्याय होते

पहिला: ओतीव गोळीचा नाद सोडून कवचवाली जड गोळी घ्यायची. सोपा, आणि एल्कलाही चालणारा. पण ३०० ग्रेनच्या पुढच्या कवचवाल्या गोळ्या महाग, आणि या माणसाला ओतकामाची आवड. आवड हे कारण तांत्रिक नाही, तरी ते खोटं मानायचं कारण नाही.

दुसरा: गोळीच साइझरमधून दाबून .४५० ला साइझ करायची, म्हणजे थ्रोटमधून चेपल्याविना जाईल. हा पर्याय स्वस्त म्हणून सुचतो आणि तिथेच फसतो. .४५१ च्या नळीत .४५० ची गोळी गेली की रोग तसाच राहतो. फक्त चेपण्याची जागा थ्रोटमधून साइझरमध्ये सरकते.

तिसरा: मऊ मिश्रधातू वापरायचा, म्हणजे दाबाने गोळीचा तळ फुगून नळी भरेल. मध्यम वेगाला हे चालतं. गृहस्थांच्या बाजारू गोळ्या ब्रिनेल मापाने वीसच्या आसपास कडक होत्या. कडक गोळी म्हणजे कमी शिसं थापलं जाणार, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात कडक गोळी आधी लहान झाली की परत फुगत नाही. पण पाच घरांत दोन थाउची उणीव मऊपणाने भरून काढायची म्हणजे दर बारावर नशीब आजमावणं.

चौथा: रिव्हॉल्व्हर विकून .४५४ कसुल या जास्त जोरदार काडतुसाचं घ्यायचं. त्याची दाबमर्यादा ६५,००० पौंड. ज्याला आत्ताच्या धक्क्याने दचकायला होतंय त्याने त्याहून मोठा धक्का विकत घेणं मला पटलं नसतं, आणि नव्या हत्याराचे थ्रोट नीट असतील याची हमीही कोण देणार?

पाचवा: थ्रोट रीमरने, म्हणजे भोक मोठं करणाऱ्या हत्याराने, .४५२५ ला मोकळे करून घ्यायचे. रोगाच्या मुळावरचा इलाज हाच. अडचण एकच, काढलेलं पोलाद परत लावता येत नाही.

काय केलं

पाचवा पर्याय निवडला. सिलिंडर अनुभवी बंदूक-कारागिराकडे गेला. गृहस्थ स्वतः यंत्रावरचे माणूस, रीमर आणि पायलट बुशिंग भाड्याने मिळतं हेही त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते स्वतः केलं नाही. सहाही भोकं एकसारखी, घराच्या मध्यरेषेवर आणि गुळगुळीत हवीत. एक वाकडं गेलं तर सिलिंडर भंगारात.

सिलिंडर परत आल्यावर उरलेल्या त्याच बाजारू गोळ्या आणि तोच भरणा घेऊन पुन्हा गट मारले. हा निर्णयही नोंदवावा असा, कारण त्याच सुमारास नवा साचा घरी आला होता आणि तो वापरून बघायचा मोह होताच. दोन्ही एकदम बदललं असतं तर फरक कशाने पडला ते कळलं नसतं. सहाही घरांतून मिळून गट चार इंचांच्या आत आला. शिसं पुष्कळ कमी झालं, पण नळीच्या पहिल्या इंचात पुसटसा राखाडी पट्टा राहिलाच. तो आवळलेल्या जागेचा.

आता प्रश्न त्या आवळपणाचा. सँडपेपरच्या पुडीसारखा घासणारा लेप लावलेल्या मऊ गोळ्या हलक्या भरण्याने मारून तो भाग झिजवता येतो. बरेच जण करतात. गृहस्थांनी तो इलाज बाजूला ठेवला. लेप फक्त आवळलेल्या जागी घासत नाही, फोर्सिंग कोन आणि पुढच्या आट्यांवरूनही जातो. अर्ध्या थाउच्या आतल्या दोषासाठी चांगल्या नळीला हात लावायचा नाही, त्याऐवजी गोळी बदलायची, असं ठरलं. मला हे बरोबर वाटतं. क्लबातल्या ज्येष्ठांना वाटलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलंही.

नवा साचा गॅस चेकच्या गोळीचा होता, म्हणजे तळाला तांब्याची छोटी टोपी बसते. ती वायूला अडवते आणि जाताना थोडंफार शिसंही खरवडून नेते. वंगण आणि टोपीसह गोळी ३२० ग्रेनच्या आसपास भरली. शिसं चाकांच्या जुन्या वजनांचं, त्यात थोडं कथील. वजनांमध्ये अँटिमनी असतं, त्यामुळे ते शुद्ध शिशापेक्षा कडक, ब्रिनेल बाराच्या जवळपास. हल्ली ही वजनं मिळवणं अवघड झालं आहे. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी आणली, आणि ढिगात जस्ताची वजनं मिसळलेली येतात. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. भांडं मर्यादेत तापवलं तर जस्ताची वजनं वर तरंगतात आणि काढता येतात. उष्णता वाढली की ती विरघळतात, आणि मग त्या भांड्यातून साचा नीट भरत नाही. ओतकाम उघड्या शेडमध्ये, हातमोजे घालून, आणि हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही. रक्तातल्या शिशाची तपासणीही ते नियमित करून घेतात.

दारूचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात लवकर सुटला. बॉल पावडरीला भरगच्च भरणा आणि घट्ट क्रिंप लागतो. पुस्तिकेच्या खाली तिचं प्रमाण उतरवायचं नसतं, नाहीतर ती नीट पेटत नाही. म्हणजे धक्का कमी करायची सोय तिच्यात नाही. २४०० नावाची जुनी दारू मधल्या वेगालाही सरळ वागते. तिच्यावर सेकंदाला १,०५० फुटांच्या आसपास गट सर्वात लहान झाला. क्रिंपची परीक्षा अशी: सहा घरं भरायची, पाच बार काढायचे आणि सहाव्या काडतुसाची लांबी आधीच्या मापाशी ताडायची. धक्क्याने गोळी पुढे सरकली असेल तर क्रिंप अपुरा. फार सरकली तर ती सिलिंडरबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो.

निकाल

पन्नास यार्डांवर सहाही घरांचा मिळून गट अडीच ते तीन इंच. नळीत शिसं जवळजवळ नाही. वेग आधीपेक्षा दीडशे फुटांनी कमी. गृहस्थांना सुरुवातीला हा तोटा सलत होता. मला त्यात तोटा दिसत नाही. एवढी जड, रुंद तोंडाची गोळी त्या वेगालाही एल्कच्या छातीतून आरपार जाते, आणि कमी धक्क्यामुळे दुसरा बार लवकर आणि शांतपणे काढता येतो.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली. जड गोळी नळीत जास्त वेळ असते, तोवर धक्क्याने नळी वर उचललेली असते, म्हणून ती हलक्या गोळीपेक्षा वर लागते. मागची साइट पूर्ण खाली करूनही गट चार इंच वरच. उंच माशी, म्हणजे पुढची साइट, बसवावी लागली. आता कवचवाल्या हलक्या गोळ्या मारायच्या तर मागची साइट बरीच वर चढवावी लागते.

त्या हंगामात एल्क मिळाला नाही. एकदा दिसला तो ऐंशी यार्डांवर होता आणि गृहस्थांनी बार काढला नाही. बेंचवर तीन इंच म्हणजे गुडघ्यावर बसून, धाप लागलेली असताना, तीन इंच नव्हे. रानातल्या स्थितीतून सगळे बार सहा इंचांच्या थाळीवर बसतील तेवढंच आपलं अंतर, असा त्यांचा नियम, आणि त्या वर्षी ते अंतर पन्नास यार्ड होतं. पुढच्या हंगामात पस्तीस यार्डांवर एक मादी मिळाली. गोळी आरपार गेली, त्यामुळे गोळीविषयी सांगण्यासारखं फार काही हाती लागलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

उघड उत्तर आहे की आधी मोजायला हवं होतं. सिलिंडरच्या तोंडात बोटाने गोळी दाबून बघायला उपकरण लागत नाही. पण हे उत्तर थोडं अन्यायाचं आहे, कारण काडतुसं भरण्याविषयी लिहिणारे दारू आणि गोळी यांच्या कोष्टकापासूनच सुरुवात करतात. ज्याला गट सुधारायचा आहे तो साहजिकच तिथून निघतो. कवचवाली गोळी चांगली बसते आणि ओतीव बसत नाही, हे दिसलं त्या दिवशी दारू बाजूला ठेवून व्यासाकडे वळायला हवं होतं, एवढं मात्र म्हणता येईल.

साचा रीमिंगच्या आधी मागवला गेला, तो .४५२ चा निघाला म्हणून निभावलं. थ्रोट .४५३ ला गेले असते तर तो साचा कामाचा राहिला नसता. आधी भोकं, मग साचा, हा क्रम पाळायला हवा होता.

आवळलेल्या नळीवर दोन मतं राहतात. ज्येष्ठांचं म्हणणं असं की गॅस चेकने दोष झाकला, घालवला नाही. बिनटोपीची गोळी मारायची वेळ आली की तो परत दिसेल. ते खरं आहे. गृहस्थांचं उत्तर असं की त्यांना बिनटोपीची गोळी मारायचीच नाही.

आणि एक गोष्ट उशिरा सुचली, जी पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. घरात आजोबांचं जुन्या नमुन्याचं .४५ कोल्ट आहे. ही जड काडतुसं त्यातही सहज बसतात. आता जड भरणा फक्त निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्यांत होतो, डब्यांवर लाल चिकटपट्टी असते, आणि ते डबे वेगळ्या कुलपाच्या कपाटात राहतात. आधीच्या पिवळ्या पुंगळ्यांतली उरलेली काडतुसं त्यांनी एकेक करून उघडली, गोळ्या वितळवण्याच्या भांड्यात टाकल्या आणि दारू बागेत पसरली.